घडीची खोली, हक्काचा आडोसा

लग्नाला मांडव भाड्याने मिळतो, खुर्च्या मिळतात, नवरा-नवरीचं सिंहासनसुद्धा मिळतं. मग बायकांना लुगडं बदलायला, बाळाला पाजायला चार भिंतींची खोली का मिळू नये? घडीच्या केबिन भाड्याने देण्याच्या एका नव्या उद्योगाविषयी...

आपल्या इचलकरंजीत कार्यक्रमांना तोटा नाही. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात ते पार ज्येष्ठापर्यंत चालतात. मधे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, शाळांची स्नेहसंमेलनं, शिवजयंती, जत्रा, उरूस. आसपासच्या गावांत जैन समाजाचे पंचकल्याणक महोत्सव होतात, तेही चार-पाच दिवसांचे. दत्तजयंतीला नरसोबावाडी, चैत्र पौर्णिमेला जोतिबा. पावसाळा सरता सरता गणपती आणि पाठोपाठ नवरात्र. वर्षभर कुठे ना कुठे मांडव उभाच असतो.

आणि जिथे मांडव, तिथे बायका. पहाटे चारला उठून आवरून आलेल्या, काखेत मूल, हातात पिशवी, पिशवीत बदलायची साडी. मुलींची नाचाची पथकं, रांगोळीवाल्या, वाढपाला आलेल्या बायका. कार्यालयात असेल तर वधूपक्षाची एक आणि वरपक्षाची एक खोली असते. तीत आहेराच्या पिशव्या, मेकअपवाली आणि झोपलेली पोरं यांतून पाय ठेवायला जागा उरत नाही. मोकळ्या मैदानावर तर तेवढंही नाही. मग चौघींनी साडीचा आडोसा धरायचा, पाचवीने घाईघाईने बदलून घ्यायचं. बाळाला पाजायचं तर खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायचं. लघवीला जावं लागू नये म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. यातलं एकही वाक्य मी कुणाला समजावून सांगायला नको, मैत्रिणींनो. आपण सगळ्या यातून गेलेल्या आहोत.

मांडववाल्याच्या यादीत काय नाही?

आमचं गाव कापडाचं. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला असं सांगतात, तेव्हापासून खटखट चालू आहे. ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ हे बिरुद आपल्याला पाठ आहे. पण हे गाव समारंभांचंही आहे. १९७४ चं मराठी साहित्य संमेलन इथेच झालं, अध्यक्ष होते पु. ल. देशपांडे. नगरपालिकेची २०२२ मध्ये महानगरपालिका झाली. गाव वाढलं तसे समारंभही मोठे झाले.

मांडववाल्यांची यादी आता पानभर असते. गाद्या, लोड, खुर्च्या, भांडी, जनरेटर, कारंजी, थंड वाऱ्याचे पंखे. ती यादी मी एकदा मुद्दाम वरपासून खालपर्यंत वाचली. तीत बायकांसाठी म्हणून एक वस्तू नव्हती. ओळखीच्या मांडववाल्यांना विचारलं, तर ते म्हणाले, “वहिनी, आडपडदा पाहिजे तर लावून देतो की, त्याचे पैसेबी घेत नाही.” त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण फुकट मिळणारा तो पडदा वाऱ्याने उडतो, वरून उघडा असतो आणि शेजारच्या गच्चीवरून सगळं दिसतं. शिवाय संध्याकाळी आत दिवा लावला की पातळ कापडावर आतल्या बाईची सावली बाहेरून स्पष्ट उमटते. हे आत असलेल्या बाईला कळतही नाही.

त्यातूनच आमच्या भागातल्या बचत गटात हा विषय निघाला. गटातल्या काही जणी वहिफणीचं काम करणाऱ्या, काही कांडी भरणाऱ्या, दोघी शिवणकाम करणाऱ्या. त्यातली एक म्हणाली, “पापड-लोणची सगळेच गट करत्यात. आपण खोल्या भाड्यानं देऊया.” सगळ्या आधी हसल्या, मग हिशेब करायला बसल्या.

घडीची केबिन म्हणजे नेमकं काय?

बाजारात ‘पोर्टेबल केबिन’ या नावाखाली बऱ्याच वस्तू मिळतात. त्यातला फरक नीट समजून घ्यावा.

पहिली आहे मोठी घडीची केबिन. लोखंडी सांगाडा आणि दोन पत्र्यांच्या मधे उष्णता अडवणारा थर भरलेल्या भिंती. भिंतींना बिजागऱ्या असतात, त्यामुळे ती खोक्यासारखी मिटते. साधारण वीस फूट लांब आणि आठ फूट रुंद अशी खोली उघडून उभी करायला चार माणसं आणि थोडा वेळ पुरतो. पण तिचं वजन टनाच्या घरात जातं. उचलायला हायड्रा क्रेन लागते, न्यायला ट्रक लागतो. साध्या तयार केबिनच्या तुलनेत तिचा फायदा वाहतुकीत आहे. न मिटणारी केबिन ट्रकमध्ये एकच मावते, घडीच्या मात्र एकावर एक अशा कितीतरी ठेवता येतात. गोदामालाही तेवढीच कमी जागा.

दुसरी आहे सुट्या भागांची छोटी खोली. चौकोनी पाइपचा घडी होणारा सांगाडा, त्याला हलकी पॅनेलं किंवा दुहेरी जाड कापड, वर ताडपत्री. सहा बाय सहा किंवा सहा बाय आठ. ही ‘छोटा हत्ती’ टेम्पोत बसते. दोन-तीन बायका मिळून तिला उभी करू शकतात. सुरुवात करणारीने हीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्याकडे सांच्याचे सुटे भाग करणारी वर्कशॉप गल्लोगल्ली आहेत. त्यांतल्याच एकाकडून आम्ही दोन सांगाडे करून घेतले. कापड तर गावचंच. शिवणकाम गटातल्या दोघींनी केलं. कापड दोन थरांचं, आतला थर गडद रंगाचा, म्हणजे सावलीचा प्रश्न मिटला. आत एक आरसा, चार खुंट्या, बाळाला पाजायला पाठ टेकता येईल अशी खुर्ची, एक लहान फळी, झाकणाचा डबा आणि बॅटरीवरचा पंखा. दाराला आतून कडी. आतून कडी म्हटलं तेव्हा वर्कशॉपवाले दादा म्हणाले, “तंबूला कडी कशाला वो ताई?” पण त्या कडीमुळेच तो तंबू राहत नाही, ती खोली होते.

पुण्याचं उदाहरण

असा उद्योग चालतो का, असं कुणी विचारलं तर मी पुण्याचं उदाहरण देते. राजीव खेर यांनी १९९९ मध्ये पुण्यात ‘साराप्लास्ट’ ही कंपनी सुरू केली. हलवता येणारी शौचालयं भाड्याने द्यायची, हा तिचा धंदा. त्या काळात संडास भाड्याने देण्याची कल्पना ऐकूनच लोक नाक मुरडत असणार. पण बांधकामाच्या जागा, समारंभ, मोठ्या सभा अशी एकेक गरज समोर येत गेली आणि उद्योग वाढला. पुढे २०१६ मध्ये खेर आणि उल्का सादळकर यांनी पुण्यात ‘ती’ नावाच्या बस सुरू केल्या. रस्त्यावरून निवृत्त झालेल्या जुन्या बस घेऊन त्यांत फक्त बायकांसाठी स्वच्छतागृह केलं. हात धुवायची सोय, सॅनिटरी नॅपकिन विकत मिळण्याची सोय आणि लक्ष ठेवायला एक बाई.

यातून मला जे उमजलं ते असं, की गिऱ्हाईक पैसे देतं ते आत गेल्यावर मिळणाऱ्या स्वच्छतेचे आणि निर्धास्तपणाचे. डबा किंवा बस हे फक्त निमित्त. तुमच्या केबिनचा पत्रा कितीही चकचकीत असो, आतली चटई ओली असेल तर दुसऱ्यांदा कोणी बोलावणार नाही.

पंढरीच्या वारीचंही तसंच. २०१५ पासून ‘निर्मल वारी’ उपक्रमात पालखीच्या मुक्कामाला तात्पुरती शौचालयं उभी राहू लागली. पुढे २०२२ मध्ये राज्य महिला आयोगाने ‘आरोग्यवारी’ हाती घेतली आणि वारकरी बायकांच्या मासिक पाळीचा, स्तनपानाचा विचार वारीच्या वाटेवर उघडपणे होऊ लागला. शेकडो वर्षं बायका वारीला जातायत. सोय मात्र आत्ता होते आहे.

आणि सोय झाली तरी ती टिकवावी लागते. आमदार सरोज अहिरे २०२२ च्या नागपूर अधिवेशनाला अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन आल्या होत्या, ते तुम्हाला आठवत असेल. त्यानंतर विधानभवनात हिरकणी कक्षाची सोय झाली. पण २०२३ च्या मुंबईतल्या अधिवेशनात त्या कक्षात धूळ आहे, बाळाला ठेवण्यासारखी अवस्था नाही, असं त्यांनीच जाहीरपणे सांगितलं. बाळासाठी रायगडाचा कडा उतरणाऱ्या हिरकणीचं नाव आपण खोलीला देतो. पण रोज सकाळी ती खोली झाडायची कुणी, हे ठरवत नाही. आपल्या उद्योगाचं खरं भांडवल तिथेच आहे. केबिनसोबत आमच्या गटातली एक बाई दिवसभर थांबते. दर तासाला पुसून घेते, आत कोण जातं यावर नजर ठेवते, आणि रांग लागली की म्हातारीला आणि लेकुरवाळीला आधी सोडते. केबिनपेक्षा लोक त्या बाईलाच जास्त लक्षात ठेवतात.

हिशेब मांडून बघा

आता पैशाचं बोलू. खाली दिलेले आकडे केवळ समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावचे दर घालून तुम्ही पुन्हा मांडा.

समजा, एक छोटी खोली सामानासकट २५ हजारांत तयार झाली. दिवसाचं भाडं ८०० रुपये धरलं. टेम्पो, थांबणाऱ्या बाईची मजुरी, धुलाई यांत एकापेक्षा जास्त खोल्या एकदम गेल्या तर खोलीमागे ३५० रुपये जातात असं धरू. उरले ४५०. म्हणजे ५६ दिवस खोली भाड्याने गेली की तिची किंमत वसूल. वर्षात ५६ दिवस म्हणजे महिन्याला पाच दिवससुद्धा नाहीत. पण एकच खोली एकटीच गेली, तर टेम्पोचा आणि मजुरीचा सगळा बोजा तिच्यावर पडतो आणि हातात काहीच उरत नाही. म्हणून सुरुवात करताना निदान दोन खोल्या असाव्यात आणि त्या जोडीनेच द्याव्यात. एक कपडे बदलायला, एक बाळाला पाजायला.

वाढवायचं कधी? आमच्या वहीत एक रकाना आहे, ‘परत पाठवलेलं गिऱ्हाईक’. खोल्या आधीच दुसरीकडे गेल्यामुळे ज्यांना नाही म्हणावं लागलं, त्यांची तारीख तिथे लिहायची. एका हंगामात चार-पाच वेळा नाही म्हणावं लागलं की तिसरी खोली करायची. उत्साहात आधी दहा करून ठेवल्या, तर त्या पावसाळ्यात गंजत बसतील.

गिऱ्हाईक कुठून आणायचं, ही काळजी सोपी झाली ती मांडववाल्यांमुळे. ज्यांनी पडदा फुकट देतो म्हटलं होतं, तेच पुढे म्हणाले, “वहिनी, खोल्या तुम्ही द्या, गिऱ्हाईक मी देतो. बायकांच्या सोयीतलं मला काय कळत नाही.” त्यांच्या यादीत आता एक ओळ वाढली. त्यांचा वाटा त्यांना, आमचा आम्हाला. मांडववाल्याशी स्पर्धा करू नका, त्याच्याशी सोयरीक करा. कार्यालयांचे मॅनेजर, केटरर, मेकअप करणाऱ्या मुली, शाळांच्या बाई, देवस्थानांचे पंच यांना प्रत्यक्ष नेऊन खोली दाखवा. पंचकल्याणकासारख्या चार-पाच दिवसांच्या कार्यक्रमाचं काम एकदा मिळालं की पुढच्या दोन गावांची आमंत्रणं तिथेच मिळतात.

अनामत रक्कम घ्यायला संकोचू नका. ओळखीतला एक समारंभ संपून चार दिवस झाले तरी खोली परत येईना, आणि विचारलं तर “घरचंच तर आहे” असं उत्तर मिळालं, हा अनुभव आमच्या गटाने घेतला आहे. तेव्हापासून एक साधा छापील कागद असतो. कोणत्या तारखेला न्यायची, कधी परत, जादा दिवसाचं भाडं किती, मोडतोड झाली तर काय. खाली दोघांच्या सह्या. कागद असला की नातीही टिकतात.

भांडवल आणि कागदपत्रं

दोन छोट्या खोल्यांपुरतं भांडवल गटाच्या अंतर्गत कर्जातूनही उभं राहतं. त्यापुढे जायचं तर मुद्रा योजना आहे. २०१५ पासूनच्या या योजनेत ५० हजारांपर्यंत ‘शिशु’, ५ लाखांपर्यंत ‘किशोर’ आणि १० लाखांपर्यंत ‘तरुण’ अशा पायऱ्या ठरल्या. ‘तरुण’ कर्ज नीट फेडणाऱ्यांसाठी २०२४ मध्ये २० लाखांची पायरी जोडली गेली. तारण मागितलं जात नाही, पण हिशेबाची वही मात्र जरूर बघितली जाते.

मोठी घडीची केबिन घ्यायचा विचार असेल, तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची माहिती जिल्हा उद्योग केंद्रातून घ्या. २०२२ मध्ये सेवा उद्योगासाठी प्रकल्पाची मर्यादा २० लाख झाली. त्या नियमांत महिलांना स्वतःचा हिस्सा ५ टक्के आणि अनुदान शहरात २५, ग्रामीण भागात ३५ टक्के असं प्रमाण आहे. सेवा उद्योगाचा प्रकल्प ५ लाखांवर असेल तर आठवी पास असावं लागतं. हे सगळं फक्त नव्या उद्योगाला. नियम बदलत राहतात, तेव्हा अर्ज करण्याआधी तिथल्या खिडकीवर आजचा नियम विचारून घ्या.

उद्यम नोंदणी फुकट होते, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. सेवा उद्योगाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे जीएसटीची नोंदणी बंधनकारक नाही. पण बिलबुक पहिल्या दिवसापासून ठेवा.

सांभाळायच्या गोष्टी

वळवाचा पाऊस आपल्याकडे सांगून येत नाही. एप्रिल-मेमध्ये ऐन लग्नात वावटळ उठते आणि मांडवाचं कापड उडतं. केबिनला चारही कोपऱ्यांवर खुंट्या किंवा वाळूची पोती हवीतच. हलकी म्हणून तशीच उभी केली, तर आत बाई-बाळ असताना ती कलंडू शकते.

मोठी केबिन घेताना भिंतीत काय भरलंय ते विचारा. थर्माकोलचं पॅनेल स्वस्त, पण लवकर पेट घेतं. रॉकवूलचं महाग, पण आगीला टिकतं. कोणतीही केबिन आचाऱ्याच्या भट्टीजवळ आणि जनरेटरजवळ उभी करू नका. विजेची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच घ्या, आणि धक्का लागताच प्रवाह तोडणारं यंत्र त्या वायरीवर असलंच पाहिजे.

आणखी एक, आजच्या काळाची काळजी. खोली उभी केल्यावर आणि दर थोड्या वेळाने आमची बाई आरशामागे, छतात, खुंट्यांजवळ हात फिरवून बघते. मोबाइल, कॅमेरा असं काही कुणी ठेवलेलं नाही ना? बायका आपल्या भरवशावर दार लावतात. तो भरवसा एकदा गेला की धंदाही गेला.

मांडवापलीकडे

लग्नसराई संपली की खोल्या पडून का ठेवायच्या? बांधकामांवर कितीतरी बायका घमेली उचलतात. ५० हून अधिक बायका कामावर असतील तर त्यांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी, असं १९९६ चा बांधकाम कामगारांचा कायदा सांगत होता. ठेकेदाराला पक्की खोली बांधणं परवडत नसेल, तर महिन्याच्या भाड्याने घडीची केबिन परवडेल. उसाच्या हंगामात परजिल्ह्यांतून तोडकरी कुटुंबं येतात, फडाच्या कडेला खोपीत राहतात. त्या बायकांना न्हाणीलाही आडोसा नसतो. कारखान्यांनी आणि सामाजिक संस्थांनी मनावर घेतलं, तर हे काम मोठं आहे.

आणि महापूर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेने काय केलं ते आपण पाहिलं. शाळांच्या आणि मंगल कार्यालयांच्या एकेका हॉलमध्ये कितीतरी कुटुंबं. बाळंतिणी, पाळी आलेल्या मुली, आजारी म्हाताऱ्या आणि सगळीकडे माणसंच माणसं. तिथे काम करताना अन्नाची पाकिटं वाटायला शंभर हात होते, पण ओल्या साडीतल्या बाईला ती बदलायला कोपरा नव्हता. आमच्या गटाने ठरवून टाकलंय की पूर आला तर खोल्या छावणीत जातील, बिनभाड्याच्या. म्हणून त्या आम्ही नदीकाठाच्या गोदामात ठेवत नाही.

ज्यांना हा उद्योग करायचा त्यांनी तो जरूर करावा. पण ज्यांना करायचा नाही, त्यांच्या हातातही एक गोष्ट आहे. पुढच्या वेळी घरच्या कार्यासाठी कार्यालय किंवा मांडव ठरवायला जाल, तेव्हा जेवणाचा दर आणि फुलांची सजावट विचारण्याआधी एवढंच विचारा, “बायकांना कपडे बदलायला आणि बाळाला पाजायला जागा कुठे आहे?” समोरचा गडबडेल. गडबडू दे. दहा जणींनी विचारलं की अकराव्या वेळी त्याच्याकडे उत्तर तयार असेल.